विदर्भाचा रणजी विजयाचा हंगाम सामन्यागणिक पुन्हा कसा अनुभवावा

अमेरिकेतील बेसबॉलचे शौकीन एखाद्या गाजलेल्या संघाचा अख्खा हंगाम, म्हणजे तब्बल १६२ सामने, फासे आणि खेळाडूंची कार्डे घेऊन घरबसल्या पुन्हा खेळतात. विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच जिंकलेला रणजी करंडक हा त्या मानाने फारच आटोपशीर मामला आहे, कारण साखळीतील सहा आणि बाद फेरीतील तीन अशा एकूण नऊ सामन्यांतच तो हंगाम पूर्ण होतो. मात्र फाशांचा मार्ग मी सुचवणार नाही. १९५७-५८ पासून ही स्पर्धा खेळणाऱ्या संघाला साठ वर्षांनी मिळालेले यश दैवावर सोडण्यात अर्थ नाही; जे घडले तेच, ज्या गतीने घडले त्याच गतीने, उलगडत नेले पाहिजे.

येथे सामना हे एकक न धरता खेळाचा दिवस हे एकक धरावे. विदर्भ जिंकला हे नागपुरात सर्वांनाच ठाऊक आहे, पण उपांत्य सामन्यात चौथ्या दिवशी संध्याकाळी परिस्थिती काय होती, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. विस्मरणात गेलेल्या या मधल्या अवस्थाच पुन्हा अनुभवण्याजोग्या असतात.

सुरुवात कॅलेंडरपासून करावी. हंगाम ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी संपला. यंदाच्या त्याच तारखांना त्या त्या दिवसाचा खेळ वाचावा, मग वार जुळला नाही तरी चालेल. साखळीत सात-सात संघांचे चार गट असल्यामुळे प्रत्येक संघाच्या वाट्याला एका फेरीची विश्रांती येत असे. ती फेरी रिकामी न ठेवता गटातील इतर संघांचे निकाल भरण्यासाठी वापरावी.

धावफलक क्रिकइन्फो किंवा बीसीसीआयच्या संकेतस्थळावर मिळतात. अडचण अशी की तेथे निकाल सर्वांत वर छापलेला असतो आणि पूर्ण धावफलक पाहिला की सगळेच एकदम उघड होते. म्हणून हे काम स्वतः न करता घरातील एखाद्याला किंवा मित्राला सांगावे. त्याने धावफलक छापून निकालाची ओळ कापावी, दिवसअखेरच्या धावसंख्या वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहाव्यात आणि प्रत्येक दिवसाची चिठ्ठी तारीख व गाव लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात घालून तुमच्याकडे द्यावी. सामन्याची वर्णने जुन्या वृत्तपत्रांतून मिळतात. लोकमत, तरुण भारत आणि हितवाद यांच्या नागपूर आवृत्त्यांच्या फाइली एखाद्या वाचनालयात पाहायला मिळाल्या तर उत्तमच. फक्त एखाद्या दिवसाच्या खेळाचे वर्णन असलेला अंक त्याच्या पाळीआधी उघडू नये.

नोंदीसाठी नागपुरातील सीताबर्डीवरील खेळसाहित्याच्या दुकानात मिळते तसे साधे स्कोअरबुक घ्यावे. चेंडूगणिक वर्णन उपलब्ध असेल तेथे ठिपके आणि धावा रीतसर भराव्यात. नसेल तेथे गडी बाद होण्याच्या क्रमावरून भागीदाऱ्या काढाव्यात. प्रत्येक डाव संपला की दोन ताळे करावेत. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर यांची बेरीज एकूण धावसंख्येशी जुळली पाहिजे, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावांमध्ये बाय व लेगबाय मिळवल्यावरही तोच आकडा आला पाहिजे. हा हिशेब कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये, कारण आकडे हाताने मांडतानाच डावाचा आकार लक्षात येतो.

स्कोअरबुकाच्या मागच्या पानावर गुणतक्ता ठेवावा. निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास आणखी १, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेणाऱ्यास ३ आणि पिछाडीवर राहणाऱ्यास १, असा त्या वेळचा नियम होता. विदर्भाच्या गटात पंजाब, छत्तीसगड, सेनादल, बंगाल, गोवा आणि हिमाचल प्रदेश हे संघ होते, आणि चार विजय व दोन अनिर्णित सामन्यांसह विदर्भ गटात अव्वल ठरला. कर्णधार फैज फजल आणि संजय रामास्वामी या सलामीच्या जोडीसाठी वेगळे पान राखावे. फजलच्या हंगामातील ९१२ धावांचा मोठा भाग याच टप्प्यात साचत जातो. गुणतक्ता रोजच्या रोज भरला तर प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या संघाने डावाच्या विजयांचा आग्रह का धरला असेल, याचा अंदाज येतो.

सुरतमधील उपउपांत्य सामना भराभर उरकला तरी चालेल. केरळवर ४१२ धावांनी मिळालेला विजय एकतर्फी होता.

त्यातून वाचलेला वेळ कोलकात्याच्या उपांत्य सामन्याला द्यावा. १७ ते २१ डिसेंबरची पाच पाकिटे पाच वेगवेगळ्या दिवशीच उघडावीत, असा माझा आग्रह आहे. विदर्भ पहिल्या डावात १८५ धावांत आटोपला आणि करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकने ३०१ धावा केल्या. येथे थांबून वहीत एक वाक्य लिहावे: बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी निर्णायक ठरते, म्हणजे ११६ धावांनी मागे पडलेल्या विदर्भाला आता जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. हे वाक्य समोर असले की दुसऱ्या डावातील ३१३ धावांचे, विशेषतः गणेश सतीशच्या ८१ धावांचे, मोल कळते. चौथ्या दिवसअखेर १९८ धावांच्या लक्ष्यासमोर कर्नाटक ७ बाद १११ अशा स्थितीत होते. त्या रात्री पाचवे पाकीट जवळ ठेवून झोपणे जड जाते, पण उघडू नये. उरलेल्या ८७ धावांपैकी कर्नाटकने ८१ काढल्या आणि १९२ वर डाव संपून विदर्भ ५ धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने ९४ धावांत ५ आणि ६८ धावांत ७ गडी बाद केले.

अंतिम सामना २९ डिसेंबरपासून इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध झाला. येथे निव्वळ धावफलक अपुरा पडतो. गुरबानीपुढे ५९ धावांत ६ बळी एवढेच दिसते, हॅट्ट्रिक त्यात दिसत नाही. एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी, तर स्वतःच्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर १४५ धावा केलेला ध्रुव शोरी, असे तिघेही त्रिफळाचीत झाले. स्कोअरबुकात या दोन षटकांच्या मध्ये दुसऱ्या गोलंदाजाचे षटक येते, म्हणून तीन चौकोन लाल शाईने जोडून घ्यावेत. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी अशी कामगिरी फक्त तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ मध्ये केली होती.

दिल्लीच्या २९५ धावांना उत्तर देताना विदर्भाने दुसऱ्या दिवसअखेर ४ बाद २०६ आणि तिसऱ्या दिवसअखेर ७ बाद ५२८ अशी मजल मारली. या दोन चिठ्ठ्यांमधला दिवस भागीदाऱ्यांनिशी मांडावा, कारण अक्षय वाडकरचे पहिले प्रथम श्रेणी शतक तेथेच आहे. डाव ५४७ वर थांबला, दिल्ली दुसऱ्यांदा २८० वर बाद झाली आणि विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला.

वही भरल्यावर पुढच्या मोसमाची तयारी करायची असेल, तर २०१८-१९ साठी अकरा सामन्यांची पाकिटे लागतील. साखळीतील आठ सामने तेव्हा १ नोव्हेंबरपासून सुरू झाले, आणि सौराष्ट्रविरुद्धचा अंतिम सामना आपल्याच नागपूरच्या वर्धा रोडवरील जामठा स्टेडियमवर झाला. त्या सामन्याच्या पाकिटांतील चिठ्ठ्या शक्य झाल्यास स्टेडियम पाहून आल्यावर उघडाव्यात.