‘आलू’चा माग कसा काढावा

इंदूरच्या मराठी घरांत एकच भाजी कधी बटाट्याची, तर कधी आलूची होते. म्हणून शब्दाचा माग काढण्यासाठी हाच नमुना घ्यावा.

आधी वस्तूचा इतिहास तपासावा. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि त्या भूभागाशी आपला संबंध १४९२ नंतरच येऊ शकला. तेव्हा संस्कृतातील ‘आलु’ म्हणजे बटाटा असणे शक्य नाही. इंदूरच्या सराफा बाजारात थंडीत तळून मिळणाऱ्या गराडूसारख्या खाण्याजोग्या कंदांचा तो शब्द असून ‘रक्तालु’वरून आलेल्या रताळ्यात आजही टिकून आहे.

त्यानंतर शब्द फोडावा, कारण खरी गंमत इथेच आहे. रताळू आणि जर्दाळू यांचा शेवट सारखा दिसतो. परंतु जर्दाळूतील ‘जर्द’ म्हणजे पिवळा आणि ‘आलू’ हे फारसीतले झाडावरचे फळ, जे बुखारा शहराच्या नावासह आलुबुखारा झाले. केवळ उच्चारसाम्यावरून नाते जोडू नये, हे उत्साही मंडळींना वारंवार सांगावे लागते.

शेवटी प्रवासाचा मार्ग पाहावा. ‘बटाटा’ पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. मात्र मूळ कॅरिबियन बेटांवरील ताईनो भाषेत त्याचा अर्थ रताळे असा होता.