डीपीडीकेवर अनेक प्रोसेस आणि न जाणारी पॅकेट: या चुका टाळा

डीपीडीकेवर (कर्नलला वळसा घालून थेट नेटवर्क कार्डाशी बोलणारी लायब्ररी) एक प्रायमरी (मेमरी आणि कार्ड मांडणारी) आणि दोन-तीन सेकंडरी (तिला जोडल्या जाणाऱ्या) प्रोसेस उभ्या केल्या आणि पॅकेट जाईनात, की पहिला संशय येतो नेटवर्क कार्डावर, मग केबलवर, मग स्विचवर. चोर बहुधा घरातच असतो. प्रोसेस वेगळ्या असल्या तरी ह्यूजपेजमधली (मोठ्या आकाराच्या पानांची) मेमरी एकच: एमबफ (पॅकेट ठेवायचा बफर), रिंग (रांग), मेमपूल (एमबफचा साठा), कार्डाच्या क्यू, सगळं सामाईक. विहीर सामाईक असली की पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात. इथे त्या ठरवायचं काम तुमचं आहे, लायब्ररीचं नाही.

दोन प्रोसेसना एकच एलकोअर क्रमांक

सगळ्यात जास्त रात्री खाणारी चूक हीच. मेमपूलमध्ये प्रत्येक एलकोअरसाठी (डीपीडीके आपल्या थ्रेडला देते तो कोअर क्रमांक) एक छोटी कॅश असते आणि तिच्यावर लॉक नसतो, कारण एका क्रमांकावर एकच थ्रेड चालणार हे गृहीत धरलेलं असतं. ही कॅशही सामाईक मेमरीत असते. दोन प्रोसेसचा एलकोअर क्रमांक सारखा निघाला की दोघींचे हात एकाच डब्यात.

नमुना पाहा. दोन कंटेनर. प्रायमरीला एलकोअर्स फ्लॅगमध्ये ०@४ दिलंय, सेकंडरीला ०@६. टॉपमध्ये सीपीयू ४ आणि ६ वेगवेगळे, दोन्ही शंभर टक्के. म्हणजे सगळं आलबेल? नाही. @ च्या उजवीकडचा आकडा सीपीयूचा, डावीकडचा एलकोअरचा, आणि कॅश डावीकडच्या आकड्यावर ठरते. इथे दोन्हीकडे शून्य. लोड कमी असताना काहीच दिसत नाही. लोड चढला की एकच एमबफ दोघींना मिळतो: एकीने हेडर लिहिलं, दुसरीने त्यावर आपला डेटा ओतला, आणि पलीकडे चेकसम चुकलेली, अर्धी एकीची अर्धी दुसरीची पॅकेट पोचतात. थोड्या वेळाने ड्रायव्हर जुने एमबफ परत करताना क्रॅश होतो. स्टॅक ट्रेसमध्ये ड्रायव्हरचं नाव दिसतं म्हणून त्याची आवृत्ती बदलत बसतात. त्याचा काही दोष नसतो.

इलाज: ०@४ आणि १@६. एकाच फाइल-प्रिफिक्सखालच्या (म्हणजे एकच मेमरी वापरणाऱ्या) कुठल्याही दोन प्रोसेसमध्ये एलकोअर क्रमांक सामाईक नको. कोअरचा फ्लॅग दिलाच नाही तर ईएएल (डीपीडीके सुरू करणारा थर) उपलब्ध असलेले सगळे कोअर घेते, मग टक्कर ठरलेलीच. स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसची प्रॉक-फाइलसिस्टीममधली कमांडलाइन वाचा.

खात्री करायची असेल तर मेमपूल कॅशचा आकार ० ठेवून चालवा. वेग पडेल, पण बिघाड गायब झाला तर कारण सापडलं. मेमपूल डीबग लावूनही दुहेरी फ्री पकडता येतं. फक्त सगळ्या प्रोसेस त्याच सेटिंगने बिल्ड करा, कारण ऑब्जेक्टची मेमरीतली मांडणीच बदलते. आणि कृपा करून कॅश ० ठेवून 'फिक्स झालं' म्हणत प्रॉडक्शनला पाठवू नका.

एकाच टीएक्स क्यूवर दोन प्रोसेस

टीएक्स बर्स्ट (पॅकेटचा गठ्ठा पाठवायचं फंक्शन; टीएक्स म्हणजे पाठवणं, आरएक्स म्हणजे घेणं) एका क्यूवर एकाच वेळी दोघांनी वापरायचं नसतं (मोजकी कार्डं लॉकशिवाय चालवून घेतात, तुमचं त्यात आहे असं धरू नका). प्रायमरीत प्रोसेस असतील तितक्या टीएक्स क्यू बनवा आणि ज्याचा त्याला क्रमांक द्या. क्यू पुरत नसतील तर बाकीच्यांनी रिंगमध्ये टाकावं, पाठवणारी एकच असावी. सामाईक मेमरीत स्पिनलॉक हा घाईवाल्यांचा आवडता उपाय. लॉक धरलेली प्रोसेस किल -९ ने मारली की तो लॉक कोण सोडवणार?

बर्स्टने परत दिलेला आकडा न बघणं

बर्स्टला ३२ एमबफ दिले, त्याने २० घेतले, तर उरलेले १२ तुमचे. दोन-तीनदा पुन्हा पाठवून बघा, नाहीतर फ्री करा. सोडून दिलेत तर पूल आटतो. उलट सगळे ३२ फ्री केलेत तर घेतलेले २० पुढे ड्रायव्हरही फ्री करतो.

पूल आटला म्हणजे गळतीच असं मात्र नाही. गेलेले एमबफ ड्रायव्हर लगेच सोडत नाही. २ पोर्ट, प्रत्येकी ४ क्यू, प्रत्येक क्यूला १०२४ आरएक्स आणि १०२४ टीएक्स डिस्क्रिप्टर (क्यूतल्या जागा), म्हणजे १६,३८४ एमबफ नुसते रिंगांत अडकू शकतात. कुठूनतरी उचललेला ८१९१ चा पूल इथे काय पुरणार? कॅश आणि वाटेतली पॅकेट धरून ३२,७६७ घ्या.

सेकंडरी आधी सुरू करणं

सेकंडरी आपले टीएक्स फंक्शन पॉइंटर ईएएल इनिटमध्ये डिव्हाइस प्रोब होताना जुळवते. तोवर प्रायमरीने क्यू बांधल्या नसतील तर काही ड्रायव्हर डीफॉल्ट फंक्शन घेतात (इंटेलच्या १० गिगाबिट कार्डांचा आयएक्सजीबीई ड्रायव्हर तसं लॉगमध्ये लिहितो, कोणी वाचलं तर), नाहीतर पहिल्याच बर्स्टला सेगफॉल्ट. म्हणून इनिटनंतर थांबण्याला अर्थ नाही, इनिटच्या आधी थांबायला हवं. प्रायमरीने पोर्ट स्टार्ट झाल्यावर एक फाइल बनवावी, स्क्रिप्टने ती दिसेपर्यंत थांबावं. 'स्लीप ५' नको. मशीन हळू असलं की तो ५ पुरत नाही.

बाकीच्या, पटापट

फास्ट-फ्री ऑफलोड (पाठवलेले एमबफ झटपट परत करायची सोय) लावलंत तर एका क्यूवर एकाच पूलचे एमबफ हवेत, तेही रेफकाउंट (एमबफ किती जण वापरतायत तो आकडा) १ असलेले. नाहीतर ते भलत्याच पूलमध्ये परततात.

टीएक्स बफर वापरताय आणि ट्रॅफिक कमी आहे? फ्लश करा. डीपीडीकेच्या एलटूफॉरवर्ड या नमुना प्रोग्राममध्ये तो साधारण १०० मायक्रोसेकंदांनी होतो.

इन-मेमरी फ्लॅग (सामाईक फाइली न बनवणारा) असेल तर सेकंडरी जोडलीच जाणार नाही.

सामाईक मेमरीत फंक्शन पॉइंटर ठेवू नका. दुसऱ्या बायनरीत त्या पत्त्यावर भलतंच असतं.

बदलाआधी मोजा

डीपीडीकेच्या प्रॉक-इन्फो साधनाने एक्सस्टॅट्स (पोर्टचे तपशीलवार आकडे) काढा. ओपॅकेट्स (पाठवलेल्या पॅकेटचा आकडा, एक्सस्टॅट्समध्ये tx_good_packets) वाढतंय पण पलीकडे काही नाही, तर कार्डाच्या पुढे शोधा. बर्स्ट ० देतंय तर लिंक आणि भरलेली रिंग बघा. बर्स्ट सगळे घेतंय पण ओपॅकेट्स हलत नाही, तर ऑफलोड फ्लॅग आणि एल२, एल३ हेडरची लांबी तपासा.

पीडंपमध्ये (पॅकेटची प्रत टिपणारं डीपीडीकेचं साधन) पॅकेट दिसलं म्हणून ते तारेवर गेलं असं समजू नका. टीएक्सची प्रत ड्रायव्हरकडे जायच्या आधीच काढली जाते. पुन्हा पाठवायचा प्रयत्न केलेलं पॅकेट तिथे दोनदा दिसतं, आणि मग नसलेल्या डुप्लिकेटचा शोध सुरू होतो.