‘आम्ही कर्ज आटोक्यात आणलं’ हा दावा तपासायचा कसा?

निवडणूक आली की विरोधक कर्ज लाख कोटींत सांगतात, सत्ताधारी टक्क्यांत. बऱ्याचदा दोघांचेही आकडे खरे असतात. म्हणून आधी दावा कागदावर उतरवा आणि शेजारी लिहा: कर्ज केंद्राचं, राज्यांचं की दोन्ही मिळून? कोणत्या मार्चअखेरचं? ‘देशावर इतके अब्ज डॉलर’ असं वाक्य असेल तर थांबा. भारताच्या परकीय कर्जात खासगी कंपन्यांची कर्जंही मोजतात. केंद्र सरकारचं बहुतेक कर्ज रुपयांत असतं आणि ते इथल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी यांच्याकडून घेतलेलं असतं.

आता केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावरून ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ डाउनलोड करा. २०२५-२६ च्या अंदाजात राजकोषीय तूट (वर्षभराच्या एकूण खर्चासाठी कमी पडणारी, म्हणजे उसनी घ्यावी लागणारी रक्कम) १५.६९ लाख कोटी रुपये आहे आणि महसुली तूट (फक्त चालू खर्चासाठी कमी पडणारा महसूल) ५.२४ लाख कोटी. म्हणजे उसनवारीचा तिसरा हिस्सा पगार, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चाला जाणार होता. यावर सरकारी बाजू म्हणेल, मालमत्ता उभारणीसाठी दिलेले ४.२७ लाख कोटीही महसुली खर्चातच धरलेत. मुद्दा रास्त आहे. ते वजा केले की ‘प्रभावी महसुली तूट’ एक लाख कोटींच्या आत येते. फक्त तीच वजाबाकी आधीच्या सरकारच्या वर्षांनाही लावा.

मग व्याजाला महसुलाने भागा. २०२५-२६ च्याच अंदाजात १२.७६ लाख कोटी भागिले ३४.२० लाख कोटी, म्हणजे महसुलाच्या शंभर रुपयांतले ३७ व्याजात जातात. कर्ज-जीडीपी गुणोत्तरापेक्षा (देशाच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज किती) हा आकडा जास्त बोलका आहे. महागाईने जीडीपी फुगला की ते गुणोत्तर एक रुपया न फेडताही उतरतं.

खरी फसगत होते ती रकान्यांत. अर्थसंकल्पीय अंदाज (वर्ष सुरू होण्याआधीचा), सुधारित अंदाज (वर्ष संपत येतानाचा) आणि प्रत्यक्ष (वर्ष संपल्यावरचा) हे तीन वेगळे आकडे आहेत. भाषणात पहिला असतो, शेवटचा दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात छापून येतो. तोच घ्या. २००८-०९ ला राजकोषीय तूट जीडीपीच्या २.५ टक्के सांगितली होती, निघाली ६. २०१९-२० ला ३.३ सांगितली, निघाली ४.६.

त्या ४.६ मध्येही सगळं आलं नव्हतं. त्या वर्षी अन्न अनुदान १.८४ लाख कोटी ठरलं होतं, सुधारित अंदाजात १.०९ लाख कोटींवर आलं. धान्याचा खर्च काही घटला नव्हता. धान्य खरेदी करणाऱ्या सरकारी अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून (लोकांच्या टपाल बचतीसारख्या ठेवींतून) कर्ज देऊन भार अर्थसंकल्पाबाहेर ठेवला होता. २०२१ च्या अर्थसंकल्पात तो आत घेतला तेव्हा, मोफत धान्यासह, २०२०-२१ चं अनुदान सुधारित अंदाजात ४.२३ लाख कोटी दिसलं. त्याआधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी रोखे (पैसे नंतर देण्याची लेखी हमी) दिले होते, तेही तुटीत दिसत नव्हते. म्हणून दावा कुणाचाही असो, अर्थसंकल्पबाह्य कर्जांचं विवरणपत्र उघडाच.

महाराष्ट्रासाठी हीच रीत. २०२५-२६ चं अंदाजित कर्ज ९.३२ लाख कोटी, राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १८.८७ टक्के. हे प्रमाण मर्यादेत आहे, पण महसुली तूट ४५,८९१ कोटी आहे. शिवाय मार्चनंतर पुरवणी मागण्या (मूळ अर्थसंकल्पावरचा जादा खर्च) येतात. त्या प्रत्येक अधिवेशनानंतर मूळ आकड्यांत मिळवत जा आणि शेवटी कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) राज्य वित्तव्यवस्था अहवालाशी ताडून पाहा.