मृगाआधी कार्दोनच्या कुंड्या छपराखाली घ्या

मृग आठवड्यावर आला. ज्यांच्याकडे कार्दोन निवडुंग आहे त्यांनी कुंड्या आजच छपराखाली घ्याव्यात. वळवाची एखादी सर त्याला सोसते, पण झड लागल्यावर हलवाहलव करून उपयोग नसतो. आपल्याकडे हे झाड पाण्यावाचून मरत नाही, पावसाने मरतं.

कार्दोन म्हणजे ट्रायकोसेरियस अटाकामेन्सिस, झाडासारखा वाढणारा, दहा मीटरपर्यंत उंच जाणारा निवडुंग. अर्जेंटिनाच्या वायव्य भागातल्या साल्ता आणि हुहुई प्रांतांतल्या डोंगरदऱ्या हे त्याचं घर. साल्तातल्या एका राष्ट्रीय उद्यानाला त्याचंच नाव आहे. तिथले लोक त्याचं पासाकाना नावाचं फळ खातात, आणि जुन्या चर्चची दारं त्याच्या लाकडाची आहेत. त्या दऱ्यांत वर्षाकाठी साधारण दोनशे मिलीमीटर पाऊस, तोही बहुतेक डिसेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात. हिवाळा कोरडा आणि गोठवणारा. दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या माण-सांगोल्यातही पाऊस याच्या दुपटीच्या घरात जातो.

दुसरी अडचण रात्रीची. निवडुंग पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत घेण्याची बारीक छिद्रं, उघडतो ती रात्री, गारव्यात. दोन-तीन हजार मीटर उंचीवर उन्हाळ्यातही रात्र गार असते. आपली मे-जूनची रात्र उकाड्याची. अशा वेळी ती नीट उघडत नाहीत, झाडाची वाढ जवळजवळ थांबलेली असते, आणि थांबलेल्या झाडाच्या मुळाशी ओल राहिली की कूज धरते. म्हणून उन्हाळ्यात कोमेजल्यासारखं वाटलं तरी बादलीने पाणी ओतू नका.

छप्पर पारदर्शक पत्र्याचं किंवा पॉलिथीनचं असावं, बाजू मोकळ्या हव्यात. कोकणात आणि गोव्यात नुसतं छप्पर पुरत नाही. तिथे हवा खेळती राहण्यासाठी पंखा लागतो. कुंड्या विटांवर ठेवा. पाणी देण्याआधी उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा. कोरडी, स्वच्छ बाहेर आली आणि पुढचे दोन दिवस उघडीप दिसत असली, तरच सकाळी थोडं पाणी द्या. काळी माती नकोच. बारीक मुरूम, विटांचा चुरा, खरखरीत नदीची वाळू आणि मूठभर चांगलं कुजलेलं खत एवढं पुरे. समुद्राची वाळू खारट, ती वापरू नका.

दर आठवड्याला बुंधा जमिनीलगत अंगठ्याने दाबून पाहा. निरोगी बुंधा कच्च्या पपईसारखा टणक लागतो. पिकलेल्या चिकूसारखा दबला आणि साल चहाच्या रंगाची झाली, तर तासभरही थांबू नका. धारदार सुरी स्पिरिटने पुसून वरून निरोगी भागात काप घ्या. मधल्या कड्यात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, प्रत्येक वेळी सुरी पुसून. छेद पांढरा-हिरवा निघाला की शेंडा सावलीत दोन-तीन आठवडे वाळवा आणि मग कोरड्या मिश्रणात उभा करा. माझं एक जुनं झाड असंच वाचलं, हातभर उंचीचं वीतभर झालं, पण वाचलं. कुंडीभोवती मुंग्यांची ये-जा वाढली तर झाड उपसून मुळं पाहा. पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण आहे. मुळं धुवा, सुकवा, नव्या मिश्रणात लावा.

बी आत्ता पेरू नका, हे कळकळीने सांगतो. पावसाळ्यातली कोवळी रोपं दमट हवेत एका रात्रीत कोलमडतात. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरअखेर पेरलं की पुढच्या मृगापर्यंत रोप सात महिन्यांचं होतं आणि त्याची साल जरा निबर झालेली असते. मूळ दऱ्यांत त्याची रोपं बहुतेक हारियासारख्या झुडपांच्या सावलीत तगतात, म्हणून पहिली दोन वर्षं पन्नास टक्क्यांचं शेडनेट ठेवा.

परदेशातून झाड किंवा बी मागवणार असाल तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य (फायटोसॅनिटरी) प्रमाणपत्र लागतं. रानातून उपटलेलं मोठं झाड तर घेऊच नका. कोणी फळबाग म्हणून एकरी हिशेब मांडून दाखवला, तर नम्रपणे नकार द्या. वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर वाढणारं, फुलायला दशकं घेणारं हे झाड हौसेचं आणि रोपवाटिकेचं आहे, ड्रॅगन फ्रूटसारखं पीक नव्हे.

पावसाळा संपला की कुंड्या एकदम उघड्यावर काढू नका. चार महिने छपराखाली राहिलेली साल ऑक्टोबरच्या उन्हात पांढरी भाजते आणि तो डाग जात नाही. आधी आठवडाभर फक्त सकाळचं ऊन, मग दुपारपर्यंत, असं सवयीने बाहेर आणा.