स्टार्ट केल्यावर बॅटरीचा दिवा विझत नव्हता: माझा अनुभव

लक्षण असं: गाडी सुरू केली की बॅटरीचा लाल दिवा तसाच लागून राहायचा. ॲक्सिलरेटर दाबून आरपीएम 2000 च्या आसपास नेलं की विझायचा, मग आयडलिंगलाही बंदच. बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर रेस देण्याआधी 12.3 व्होल्ट, दिल्यावर 14.2. म्हणजे रेस देईपर्यंत चार्जिंगच होत नव्हतं.

बॅटरी बदलली, बेल्ट ताणला, अल्टरनेटरचे (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे) ब्रश तपासून घेतले. काही फरक नाही. वैताग आला होता.

जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट डॅशबोर्डवरच्या याच दिव्यातून मिळतो. त्यावर रोटरमध्ये (अल्टरनेटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागात) चुंबकत्व तयार होतं आणि चार्जिंग सुरू होतं. आधीच्या मालकाने डॅशबोर्डच्या मीटरमध्ये साध्या बल्बऐवजी एलईडी बसवले होते. एलईडी उजेड छान देतो, पण त्यातून करंट फारच कमी जातो. दिवा लागत असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशयही जात नाही!

केलं ते असं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. मीटर बाहेर घेऊन बॅटरीच्या खुणेमागचा एलईडी काढला आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब लावला. (बाकीचे एलईडी राहू दिले, त्यांचा संबंध नाही.) केबल जोडून चावी ऑन केली: दिवा लागला. स्टार्ट केल्याबरोबर विझला, आणि रेस न देता 14.2 व्होल्ट.

चार्जिंग ईसीयूच्या (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरच्या) ताब्यात असलेल्या नव्या गाड्यांना हा उपाय लागू नाही.