दोन शहरांतून एक निवडताना: परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांसाठी

दोन्हीकडून प्रवेश मिळाला की आधी स्टायपेंड (विद्यावेतन) 9 महिन्यांचा आहे की 12 महिन्यांचा, हे पत्रात शोधा. स्पष्ट नसेल तर विभागाकडून लेखी घ्या. घरभाडं बहुधा 12 महिने भरावं लागतं. म्हणून वर्षभराच्या रकमेतून शुल्क, आरोग्यविमा आणि कर वजा करून उरलेल्याला 12 ने भागा. त्यातलं निम्म्याहून जास्त भाड्यात जात असेल तर आकडा कितीही मोठा असो, ते शहर जड जाईल.

पहिल्या महिन्याचा हिशेब वेगळा करा: अनामत, भाडं, अंथरूण-भांडी, शिवाय पहिला स्टायपेंड जमा होईपर्यंतचा खर्च. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. नवख्याला त्या देशात क्रेडिट इतिहास, म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर भरल्याची नोंद, नसतो, त्यामुळे घरमालक जामीनदार किंवा जास्त अनामत मागू शकतो. वसतिगृहात हा त्रास सहसा नसतो. अर्जाची मुदत मात्र लगेच पाहा.

अंतर नकाशावर मोजू नका. रात्री दहानंतर प्रयोगशाळेतून परतायला बस आहे का, ते वेळापत्रकात बघा, सुट्टीच्या दिवसाचंही.

शहर मनात भरलं, पण तिथे तुमच्या विषयाचा एकच मार्गदर्शक असेल, तर तो रजेवर जाणार नाही ना, हे थेट विचारा. त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशीही बोला.