शूगेझचा धूसर गिटार कसा वाजवायचा

शूगेझ म्हणजे धूसर, दाट गिटारच्या आवाजात बुडालेला रॉक. त्याचा आवाज जुळेना की बहुतेक जण एकावर एक पेडल (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालवायचं यंत्र) जोडत सुटतात. पण त्यातलं ते डोलणं, सूर आत्ता निसटेल असं वाटणं, पेडलमध्ये नसतं. ते उजव्या हातात असतं. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडच्या केव्हिन शील्ड्सने १९८८ च्या सुमारास जॅझमास्टर या गिटारवर ही रीत बसवली: ट्रेमोलो आर्म (ब्रिजजवळची, दाबली की सूर उतरवणारी दांडी) हातात धरूनच स्ट्रम करायचं.

तेव्हा आधी सगळी पेडलं बंद करा. आर्म तारांपासून थोडा वर, बोटांत सैल धरा आणि स्ट्रम करता करता हलकेच दाबून सोडा. ट्यूनरवर एकच तार वाजवून पाहा. सूर २५ ते ५० सेंट (१०० सेंट म्हणजे एका पडद्याचा फरक) उतरून पुन्हा शून्यावर यायला हवा. त्याहून जास्त दाबलं तर धुकं जाऊन नुसतं बेसूर उरतं. शून्यावर परत येत नसेल, तर बहुधा तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. खाचेत शिसपेन्सिल घासा. तार ब्रिजवरून घसरत असेल तर ११ गेजचा (जाडीचा) किंवा त्याहून जाड तारांचा सेट लावा.

कॉर्डमध्ये मोकळ्या तारा वाजत्या ठेवा. जाड तारेपासून ०-७-७-६-०-० धरा (आकडा म्हणजे पडदा, ० म्हणजे मोकळी तार), मग तोच आकार दोन पडदे वर सरकवा. मोकळ्या तारा तशाच घुमत राहतात आणि खालची कॉर्ड बदलते. सायकेडेलिक गुंगी येते ती इथून, म्हणून चार-चार मिनिटं याच दोन कॉर्डवर राहायला घाबरू नका.

आता फझ, म्हणजे आवाज खरखरीत, फाटका करणारं पेडल. नेहमीचा क्रम फझ, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा). रिव्हर्ब फझच्या आधी लावला की त्याची शेपटी फुगते आणि सलग भिंत उभी राहते. पण हिस्सही (पाठीमागची सूं-सूं) तितकाच फुगतो. म्हणून रिव्हर्बचा मिक्स (मूळ आवाजातलं त्याचं प्रमाण) ३० टक्के आणि फझचा गेन (जोर) निम्म्यावर ठेवा. डिलेसाठी ६०,००० ला टेम्पोने भागा: मिनिटाला ९६ ठोके असतील तर ६२५ मिलिसेकंद.

उलटा रिव्हर्ब, म्हणजे सुराच्या आधीच चढत येणारा घुमारा, कॉम्प्युटरवर करायचा तर ट्रॅकच्या सुरुवातीला ४ सेकंद मोकळे सोडा, ट्रॅक उलटा करा, फक्त रिव्हर्ब रेकॉर्ड करा आणि तो पुन्हा उलटा करा. मोकळी जागा नसेल तर पहिल्या स्ट्रमच्या आधीची लाट कापली जाते.

मिक्समध्ये डाव्या-उजव्या बाजूला गिटारचे दोन वेगळे टेक (वेगवेगळ्या वेळी वाजवून केलेली रेकॉर्डिंग) ठेवा. एकाच टेकची कॉपी फक्त आवाज वाढवते, रुंदी देत नाही. गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग कापा, ३०० च्या आसपास २-३ डेसिबल उतरवा. बेस आणि ड्रम कोरडे (रिव्हर्बशिवाय), मधोमध. एवढा दाट आवाज त्यांच्यावरच तोललेला असतो. त्यांनाही रिव्हर्बमध्ये बुडवलंत तर ताल हरवतो.

गाणं हळू आवाजात, माइकच्या जवळ, दोनदा रेकॉर्ड करा. मग व्होकल गिटारच्या पातळीइतकाच खाली आणा: चाल कळावी, शब्द अर्धेमुर्धे कळले तरी चालतील.